हाडांची साक्ष

एखाद्याच्या खरेपणाची ग्वाही द्यायची झाली, की मराठी माणूस थेट हाडापर्यंत जातो. हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी असे आपण म्हणतो. सहजासहजी न मिटणाऱ्या वैराला हाडवैर म्हणतो, आणि कष्टांची परिसीमा झाली की हाडांची काडे झाली असे म्हणतो. कातडी, मांस, रंगरूप हे सारे जाते आणि हाड मागे उरते. म्हणून शेवटची साक्ष हाडाची, अशी काहीशी भावना या शब्दप्रयोगांच्या मुळाशी असावी.

ती भावना यथार्थ आहे. परंतु हाड साक्ष देते म्हणून ऐकणाऱ्याला ती बरोबर ऐकू येतेच असे नाही. माणसाने कितीतरी शतके हाडांच्या तोंडी स्वतःचेच शब्द घातले, आणि असे करणाऱ्यांत श्रद्धावंत जसे होते तसे पंडितही होते. निरनिराळ्या प्राण्यांचे सांगाडे शेजारी शेजारी मांडून त्यांची तुलना करण्याची रीत रूढ झाली, तेव्हा कुठे ही साक्ष नीट नोंदली जाऊ लागली. त्या रीतीचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. तो सांगण्यामागे आमचा एक हेतू आहे. पुरुषाला स्त्रीपेक्षा एक फासळी कमी असते, कारण ती आदामाच्या कुशीतून काढली गेली, असे आजही आपल्या काही घरांतून मुलांना सांगितले जाते. तेच मूल पुढे शाळेच्या प्रयोगशाळेत सांगाड्याच्या फासळ्या मोजते. त्या क्षणी त्याच्या मनात काय कोसळते, याचा विचार आपण वडीलधाऱ्यांनी करावयास हवा.

उटिकाच्या किनाऱ्यावरील दाढ

आरंभ एका थोर संतापासून करू. उत्तर आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशिया देशात, उटिका नावाचे एक प्राचीन नगर होते. संत अगस्तीन यांनी तेथील समुद्रकिनाऱ्यावर एक प्रचंड दाढ पाहिली. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या १५ व्या भागात त्यांनी तिचा उल्लेख केला आहे. आपल्या दाढांच्या मापाचे तुकडे केले तर तिच्यातून शंभर दाढा निघाल्या असत्या, असा त्यांचा अंदाज होता. जलप्रलयापूर्वीची माणसे आजच्या माणसांहून धिप्पाड होती, या म्हणण्याला पुरावा म्हणून त्यांनी ती दाढ पुढे केली. ती एखाद्या राक्षसकाय माणसाची असावी, असे त्यांना वाटले.

आजचे अभ्यासक ती दाढ हत्तीच्या कुळातील एखाद्या प्राण्याची असावी असे मानतात. संत अगस्तीन यांच्या या समजुतीला हसण्याचे कारण नाही. हत्तीचा लुप्त झालेला नातलग मॅस्टोडॉन, याच्या दाढेवर आपल्या दाढेसारखेच गोलसर उंचवटे असतात. हत्तीच्या मांडीचे हाडही माणसाच्या मांडीच्या हाडासारखे लांब व सरळ असते. ज्याने हत्तीचा सांगाडा कधी पाहिलाच नाही, त्याच्यापुढे असे सुटे हाड ठेवले तर त्याला माणूसच आठवणार. युरोपभर कित्येक ठिकाणी मॅमथची हाडे राक्षसांची हाडे म्हणून जपली गेली. ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट शहरात चौदाव्या शतकात सापडलेली केसाळ गेंड्याची कवटी तर ड्रॅगनचे डोके म्हणून लोकांना दाखवली जात असे.

तथापि याच संत अगस्तीन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावरील आपल्या भाष्यात एक मोलाचा इशारा देऊन ठेवला आहे. पृथ्वी, आकाश, ग्रहतारे, प्राणी, वनस्पती यांविषयीचे ज्ञान ख्रिस्तीतर माणसालाही बुद्धीने आणि अनुभवाने लाभलेले असते. अशा जाणकारापुढे एखादा ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राचा हवाला देऊन भलतेच काही बोलू लागला, तर ती लाजिरवाणी गोष्ट होय, असे ते बजावतात. कारण ज्याला स्वतःच्या माहितीच्या विषयात आपण चुकलेले दिसतो, तो पुनरुत्थानाविषयी आणि सार्वकालिक जीवनाविषयी आपले म्हणणे का ऐकेल? दाढ आणि इशारा, दोन्ही एकाच लेखणीतून उतरली. पुढचा सारा इतिहास या इशाऱ्याच्या प्रकाशात वाचावा, अशी आमची विनंती आहे.

फासळ्यांचा हिशेब

चुका केवळ धर्मशास्त्रज्ञांच्याच झाल्या असे नव्हे. दुसऱ्या शतकातील गेलेन हा ग्रीक वैद्य चौदा शतके वैद्यकाचा परमाचार्य मानला गेला. रोममध्ये त्या काळी मानवी शवाचे विच्छेदन करता येत नसे. म्हणून गेलेनने बार्बरी माकडे, डुकरे, बैल यांची शवे फाडून पाहिली आणि त्यांवरून माणसाच्या शरीराचे वर्णन केले. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो, छातीच्या मधल्या हाडाचे सात भाग असतात, अशी विधाने त्याच्या नावावर पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. अध्यापक उच्चासनावरून गेलेनचा ग्रंथ वाचीत, खाली एक मदतनीस शव फाडी, आणि डोळ्यांसमोरचे हाड ग्रंथाशी जुळले नाही तर दोष हाडाचा ठरे!

आंद्रेयास व्हेसालियस यांनी ही रीत मोडली. ब्रुसेल्समध्ये जन्मलेले आणि इटलीतील पादुआ विद्यापीठात शिकवणारे हे तरुण अध्यापक स्वतः सुरी हाती घेत. १५४३ साली, वयाच्या २८ व्या वर्षी, त्यांनी मानवी शरीररचनेवरील आपला महान ग्रंथ बाझल येथे प्रसिद्ध केला. त्याचा पहिला भाग हाडांचा आणि कूर्चांचा आहे. माणसाचा खालचा जबडा एकसंध असतो, हे त्यांनी दाखवून दिले. माणसाच्या आणि माकडाच्या हाडांतील फरक दाखवून गेलेनच्या चुकांचे मूळही उघड केले.

फासळ्यांचा हिशेबही त्यांनी चुकता केला. पुरुष असो वा स्त्री, दोन्ही बाजूंना बारा-बारा फासळ्या असतात, हे त्यांनी निःसंदिग्धपणे लिहिले. थोडा विचार केला तर यात श्रद्धेला धक्का लागण्यासारखे काही नाही. अपघातात हात गमावलेल्या बापाची मुले दोन्ही हात घेऊनच जन्माला येतात. उत्पत्तीच्या पुस्तकातील ती कथा स्त्रीपुरुषांच्या एकात्मतेचे आणि विवाहाच्या पावित्र्याचे रहस्य सांगते; फासळ्यांची गणना शिकवणे हा तिचा हेतू नव्हे. व्हेसालियस पुढे सम्राट पाचवा चार्ल्स या कॅथलिक राजाचे वैद्य झाले, आणि १५६४ साली जेरुसलेमच्या तीर्थयात्रेहून परतताना ग्रीसजवळच्या झाकिन्थॉस बेटावर निवर्तले.

नवल असे, की त्यांना कडाडून विरोध झाला तो पॅरिसमधील त्यांचेच गुरू सिल्व्हियस यांच्याकडून. गेलेन चुकणे शक्यच नाही. चुकले असेल तर मानवी शरीरच त्या काळापासून बदलले असेल, असा त्यांचा पवित्रा होता. ग्रंथाला शरण जाऊन डोळे मिटून घेण्याचा रोग केवळ देवघरात शिरतो असे नाही, तो विद्यापीठातही शिरतो.

पक्षी आणि माणूस समोरासमोर

१५५५ साली फ्रान्समध्ये पिएर बेलाँ यांचा पक्ष्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बेलाँ यांना कार्डिनल द तुर्नोँ यांचा आश्रय होता. ग्रीस, तुर्कस्तान, इजिप्त असा मोठा प्रवास करून त्यांनी प्राणी व वनस्पती अभ्यासल्या होत्या. त्यांच्या ग्रंथात समोरासमोरच्या दोन पानांवर दोन सांगाडे छापलेले आहेत: एका पानावर माणसाचा आणि दुसऱ्यावर पक्ष्याचा. दोहोंतील एकमेकांशी जुळणाऱ्या हाडांना त्यांनी सारखीच अक्षरे दिली. पक्ष्याच्या पंखात दंडाचे हाड आहे, कोपरापुढची दोन हाडे आहेत, मनगट आहे आणि आखडलेली बोटेही आहेत, हे वाचकाला एका दृष्टिक्षेपात कळले.

या तुलनेने आपल्या रोजच्या पाहण्यातील कितीतरी गोष्टी उलगडतात. कोंबडीचा पाय पाहून तिचा गुडघा मागे वाकतो, असे आपल्याला वाटते. वस्तुतः तो तिचा गुडघा नव्हेच. तो घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांखाली झाकलेला असतो आणि तो आपल्या गुडघ्यासारखा पुढेच वाकतो. कोंबडी जन्मभर चवड्यावर चालते, एवढेच. घोडा तर याच्याही पुढे गेला आहे: त्याच्या प्रत्येक पायात एकच मधले बोट शिल्लक आहे आणि त्याचा खूर म्हणजे त्या बोटाचे जाड झालेले नख. गाय-बैल दोन बोटांवर उभे राहतात. कासवाची पाठ म्हणजे पसरून एकत्र जुळलेल्या फासळ्या आणि मणके होत, म्हणून कासवाला त्याच्या कवचातून बाहेर काढता येत नाही. याउलट खेकड्याला आत हाडच नाही; त्याचा सांगाडा म्हणजे बाहेरचे कवच, आणि म्हणूनच वाढायचे झाले की त्याला ते टाकून द्यावे लागते.

बेलाँ यांनी हे साम्य केवळ दाखवले. ते का आहे, याचे उत्तर त्यांनी दिले नाही. १६९८ साली लंडनमध्ये एडवर्ड टायसन या वैद्यांनी अंगोलाहून आणलेल्या एका लहान चिंपांझीच्या शवाचे विच्छेदन केले. पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी दोन याद्या दिल्या. ४८ बाबतींत तो प्राणी माकडांपेक्षा माणसाला जवळचा होता आणि ३४ बाबतींत माणसापेक्षा माकडांना. दोन्ही बाजूंची नोंद सारख्याच प्रामाणिकपणे करणारी ही जमाखर्चाची वही म्हणजे तुलनेच्या शास्त्राचा एक सुंदर नमुना आहे.

जिभेचे दगड आणि एक बिशप

प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात संत पौल यांचे जहाज माल्टा बेटापाशी फुटल्याची हकीकत आपण वाचतो. तेथे शेकोटीतील काटक्यांतून निघालेला साप त्यांच्या हाताला डसला, पण त्यांना काही इजा झाली नाही. माल्टाच्या खडकांत त्रिकोणी, धारदार, चकचकीत दगड मिळत. संत पौलांनी त्या बेटावरील सापांना शाप दिला आणि त्यांच्या जिभा दगड झाल्या, अशी दंतकथा त्यांभोवती निर्माण झाली. हे ‘जिभेचे दगड’ विषावरचा उतारा म्हणून युरोपभर विकले जात. कुणी ते गळ्यात घालीत, कुणी द्राक्षारसात बुडवीत.

१६६६ सालच्या ऑक्टोबरमध्ये इटलीच्या लिव्होर्नो शहराजवळ कोळ्यांनी एक अजस्र शार्क पकडला. टस्कनीचे ग्रँड ड्यूक दुसरे फर्डिनांड यांनी त्याचे डोके फ्लोरेन्सला मागवून घेतले आणि आपल्या आश्रयाला असलेल्या निकोलस स्टेनो या डॅनिश वैद्याकडे सोपवले. स्टेनो हे कोपनहेगनच्या एका ल्युथरन सोनाराचे पुत्र. गालातून तोंडात लाळ आणणारी नलिका त्यांनी तरुणपणीच शोधून काढली होती आणि ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. शार्कचे दात आणि जिभेचे दगड त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. आकार तोच, धार तीच, मुळाची घडण तीच. हे दगड सापांच्या जिभा नव्हेत, शार्कचे दात होत, असा निष्कर्ष त्यांनी १६६७ साली मांडला. त्यांच्या पूर्वी फाबियो कोलोन्ना या इटालियन विद्वानानेही असेच म्हटले होते. परंतु स्टेनो तेवढ्यावर थांबले नाहीत.

दातच का सापडतात, बाकीचा शार्क कुठे गेला? याचे उत्तर आपल्या किनाऱ्यावरील गृहिणींना स्वयंपाकघरातच सापडेल. शार्कच्याच गोतातील मुशी साफ करताना पापलेटासारखा टणक काटा तिच्यात मिळत नाही. या माशांचा सांगाडा हाडाचा नसून मऊ कूर्चेचा असतो. तो कुजून जातो आणि दात तेवढे टिकतात. पण समुद्रातल्या माशाचा दात डोंगरातल्या खडकात कसा शिरला? स्टेनो म्हणाले, तो खडक कधीकाळी पाण्याखालचा मऊ गाळ असला पाहिजे. गाळाचे थर एकावर एक बसत जातात, म्हणून खालचा थर जुना व वरचा नवा. १६६९ साली मांडलेले हे सूत्र आजही भूशास्त्राच्या पहिल्या पाठांत शिकवले जाते.

त्याच लिव्होर्नो शहरात, १६६६ च्या जून महिन्यात, स्टेनो यांनी ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहिली होती. त्या दर्शनाने त्यांच्या मनात जे मंथन सुरू झाले, त्याची परिणती १६६७ साली त्यांच्या कॅथलिक होण्यात झाली. म्हणजे ज्या वर्षी त्यांनी संत पौलांच्या नावावरची दंतकथा मोडीत काढली, त्याच वर्षी त्यांनी संत पौलांचा विश्वास संपूर्णपणे स्वीकारला. यात त्यांना विसंगती वाटली नाही; आपल्यालाही वाटू नये. १६७५ साली ते धर्मगुरू झाले, १६७७ साली बिशप. उत्तर जर्मनीत विखुरलेल्या कॅथलिकांची सेवा करताना गरिबांसाठी त्यांनी आपली बिशपपदाची अंगठी व क्रूसही विकला. १६८६ साली, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, ते श्वेरिन येथे देवाघरी गेले. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

महापुराचा साक्षीदार

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण पाहू. झुरिचचे वैद्य योहान याकोब शॉयख्सर हे मोठे व्यासंगी आणि भाविक प्रॉटेस्टंट गृहस्थ. जर्मनीतील ओएनिंगेनच्या खाणीतून त्यांना एक शिळा मिळाली. तिच्यात एक रुंद कवटी आणि मणक्यांची लांब ओळ दिसत होती. नोहाच्या काळी बुडून मेलेल्या एका पापी मनुष्याची ही हाडे आहेत, अशी त्यांची खात्री पटली. १७२६ साली त्यांनी ‘महापुराचा साक्षीदार मानव’ या अर्थाच्या लॅटिन नावाने त्यावर पुस्तिका काढली. पुढे त्या शिळेच्या चित्रासोबत, त्या जुन्या पाप्याच्या हाडांवरून आजच्या दुष्टांनी बोध घ्यावा, अशा आशयाच्या दोन ओळीही छापल्या गेल्या. बायबलच्या सत्यतेचा आणखी भक्कम पुरावा तो कोणता हवा होता?

काही दशकांतच शंका निघू लागल्या. कुणी त्यास मासा म्हटले, कुणी सरडा. शिळा हॉलंडमधील हार्लेम शहराच्या टायलर संग्रहालयात पोहोचली आणि १८११ साली तेथे जॉर्ज क्युव्हिए आले.

क्युव्हिए हे पॅरिसचे, आणि सांगाड्यांच्या तुलनेत त्या काळी त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. श्रीलंकेतून आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडून आलेल्या हत्तींच्या कवट्या व दाढा तपासून, आशियाई व आफ्रिकी हत्ती या दोन वेगळ्या जाती आहेत, हे त्यांनी १७९६ साली दाखवले. सैबेरियात सापडणारा मॅमथ या दोहोंहून वेगळा आणि आता पृथ्वीवर न उरलेला प्राणी आहे, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. देवाने निर्माण केलेली एखादी जात समूळ नाहीशी होऊ शकते, ही कल्पना त्या काळच्या भाविकांना आणि तत्त्वज्ञांनाही अस्वस्थ करणारी होती. पण हाडे तसे सांगत होती. दक्षिण अमेरिकेत लुहान नदीच्या काठी मानुएल द तोर्रेस या डोमिनिकन धर्मबंधूंना १७८७ साली एक प्रचंड सांगाडा आढळला होता. तो माद्रिदला नेऊन उभा करण्यात आला, आणि त्याच्या चित्रांवरून क्युव्हिए यांनी तो झाडांना लोंबकळणाऱ्या आळशी स्लॉथचा हत्तीएवढा नातलग असल्याचे ओळखले.

त्यांचे म्हणणे साधे होते. प्राण्याच्या शरीरातील प्रत्येक भाग इतर सर्व भागांशी जुळलेला असतो. मांस फाडणारे दात असतील तर जबडा, खांदा आणि नख्या त्यांना साजेशाच असणार. पॅरिसजवळच्या माँमार्त्रच्या खडकात एक लहान सांगाडा अर्धवट दिसत होता. त्याचे दात पाहून क्युव्हिए म्हणाले, हा पिशवीवाल्या ऑपोसमसारखा प्राणी आहे. तेव्हा त्याच्या कटीपाशी अशा प्राण्यांनाच असणारी दोन जादा हाडे खडकात दडलेली असली पाहिजेत. मग साक्षीदारांसमोर त्यांनी खडक कोरला, आणि ती हाडे निघाली. १८०४ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली.

हार्लेमलाही त्यांनी तेच केले. सॅलॅमँडर नावाच्या, बेडकाच्या दूरच्या नातलग प्राण्याच्या सांगाड्याचे चित्र शिळेशेजारी ठेवले, आणि जेथे पुढचे पाय असावयास हवेत तेथला दगड हलक्या हाताने कोरायला सुरुवात केली. पुढचे पाय निघाले. शॉयख्सर यांचा पापी मानव म्हणजे सुमारे मीटरभर लांबीचा सॅलॅमँडर होता. त्याचे भाऊबंद आजही चीन व जपानच्या ओढ्यांत राहतात.

शॉयख्सर खोटारडे नव्हते. हाडांकडून त्यांना सत्य जाणून घ्यायचे नव्हते, तर आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीला होकार हवा होता. त्यांचे चुकले ते येथे. देवाच्या वचनाला सॅलॅमँडरचा टेकू लागत नाही. आणि तसा टेकू दिला, की तो निसटल्यावर लोकांना वचनच कोसळल्यासारखे वाटते.

एकच आराखडा

बेलाँ यांनी न सोडवलेला प्रश्न एकोणिसाव्या शतकात ऐरणीवर आला. इंग्लंडमधील रिचर्ड ओवेन यांनी १८४९ साली प्राण्यांच्या अवयवांवर एक ग्रंथ लिहिला. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, घोड्याचा पुढचा पाय, देवमाशाचे वल्ह्यासारखे पर, यांचे काम सर्वस्वी वेगळे. तरीही सर्वांत दंडाचे एक हाड, पुढे दोन, मग मनगट, मग बोटे, असा एकच क्रम. वटवाघळाचा पंख म्हणजे छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली चार बोटे आणि त्यांवर ताणलेली कातडी. मानेचेच पाहा. आपल्या मानेत सात मणके, उंदराच्या मानेत सात, जिराफाच्या एवढ्या लांब मानेत सात, आणि देवमाशाला मान अशी दिसतच नाही तरी तेथेही सातच. स्लॉथसारखे एखाददुसरे अपवाद सोडले तर सस्तन प्राण्यांचा हा नेम मोडत नाही.

नव्याने प्रत्येक यंत्र घडवणारा कारागीर जिराफासाठी अधिक मणके वापरील आणि देवमाशासाठी कमी. मग हा एकच आराखडा का? ओवेन यांच्या मते तो परमेश्वराच्या मनातील मूळ कल्पनेचा ठसा होता. १८५९ साली चार्ल्स डार्विन यांनी ओवेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी जमवलेली हीच तथ्ये घेतली आणि वेगळे उत्तर दिले: आराखडा एक, कारण पूर्वज एक. ओवेन यांना ते उत्तर अखेरपर्यंत रुचले नाही. परंतु त्यानंतरच्या काळात सापडलेली हाडे डार्विन यांच्याच बाजूने बोलत गेली.

त्यांतील एक साक्ष आपल्या देशातून आलेली आहे. देवमासा हा पाण्यात राहणारा सस्तन प्राणी. त्याच्या पोटात मागच्या पायांच्या कटीची लहानशी हाडे आजही शिल्लक असतात. मग पायांनी चालणारे त्याचे पूर्वज कोणते? त्याचे प्राचीन अवशेष पाकिस्तानात आणि आपल्या कच्छमध्ये मिळाले. जम्मूच्या राजौरी जिल्ह्यातील कालाकोट येथून भारतीय भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी बरेच खडक जमवून ठेवले होते. त्यांच्या निधनानंतर ते अमेरिकेतील हान्स थेविसन यांच्याकडे आले. त्यातील एका कवटीच्या कानाकडील हाड तुटले तेव्हा आत जी विशिष्ट जाड घडण दिसली, ती देवमाशांखेरीज अन्य प्राण्यांत ठाऊक नव्हती. २००७ साली थेविसन, सुनील बाजपेयी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. इंडोहायस नावाचा हा प्राणी सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, लहानशा खूरवाल्या हरणासारखा, पाण्यात वावरणारा होता. एवढ्या अवाढव्य देवमाशाचा गोतावळा एका चिमुकल्या प्राण्याच्या कानातल्या हाडाने उघड केला.

ख्रिस्तसभेने या साऱ्याकडे कसे पाहिले? १९५० साली पोप बारावे पायस यांनी आपल्या परिपत्रकात, मानवी शरीर पूर्वीच्या सजीवांपासून उद्भवले असेल का, याचा अभ्यास करण्यास मज्जाव केला नाही. मात्र आत्मा थेट परमेश्वर निर्माण करतो, हे निक्षून सांगितले. २२ ऑक्टोबर १९९६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी पोंटिफिकल विज्ञान अकादमीला दिलेल्या संदेशात, उत्क्रांतीचा सिद्धांत आता केवळ तर्क राहिलेला नाही, असे मान्य केले. स्टेनो यांना वेदीचा मान देणारे पोपही तेच होते.

घरातील प्रश्न

आता आरंभीच्या त्या मुलाकडे वळू. फासळ्या मोजून ते घरी येईल आणि विचारील, की तुम्ही सांगितले ते खोटे होते का? त्याला गप्प बसवणारे घर त्याला सिल्व्हियसची वाट दाखवते. कुठलातरी नवा पुरावा जुळवून त्याची समजूत घालणारे घर शॉयख्सर यांच्या वाटेने जाते. आणि शास्त्र खरे म्हणजे श्रद्धा खोटी, असे समजून मान खाली घालणारे घर स्टेनो यांना ओळखतच नाही. उचित उत्तर एवढेच, की बाळ, तू नीट मोजलेस, बारा-बाराच आहेत. आता ये, ती कथा आपल्याला काय सांगू पाहते ते आपण मिळून वाचू.

यहेज्केल संदेष्ट्याला देवाने सुकलेल्या हाडांनी भरलेले खोरे दाखवले, तेव्हा या हाडांना पुन्हा जीव येईल का, असे विचारले. संदेष्ट्याने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. ते तुलाच ठाऊक, असे त्याने देवाला सांगितले. हाडांसमोर उभे राहताना हीच नम्रता हवी. देवमाशाचे पर, वटवाघळाचा पंख आणि आपला प्रार्थनेसाठी जोडलेला हात यांतील हाडे एकाच क्रमाने मांडलेली आहेत. राखेच्या बुधवारी आपण माती आहोत हे आपल्याला आठवून दिले जाते. त्याच मातीतून ही सारी भावंडेही आली आहेत, एवढे हाडांनी त्यात जोडले. ही साक्ष ऐकायला घाबरण्याचे विश्वासूंना काही कारण नाही, कारण साक्ष घेणाराही तोच आहे, ज्याने हाडे घडवली.